खात्री कुणी मागितली होती?

जून २०२० मध्ये जळगाव जिल्ह्याच्या कपाळावर एक आकडा चिकटवला गेला. कोरोनाचा मृत्युदर दहा ते बारा टक्के. देशाचा तेव्हा तीनच्या आसपास होता. वर्तमानपत्रांनी तो पहिल्या पानावर छापला, वाहिन्यांनी दिवसभर फिरवला, मुंबईहून बैठका झाल्या. धुळ्यात आम्हीही तो वाचत होतो आणि आपल्यालाही तोच लागू आहे असं धरून चाललो होतो. जळगावात आणि आमच्यात अंतर ते किती? सोयरिकी एक, बाजार एक, बोली एक. घराघरांत त्या आकड्याचा अर्थ एकच लावला गेला: शंभर जणांना हा रोग झाला की बारा जण मरणार.

हा अर्थ साफ चुकीचा होता. तो चुकीचा आहे हे ज्यांना माहीत होतं, त्यांनी तोंड उघडलं नाही. माझा सगळा राग या गप्प बसण्यावर आहे.

ते बारा टक्के लागण झालेल्या माणसांतले नव्हते. तपासणी होऊन सरकारी यादीत नाव चढलेल्यांतले होते. आणि तेव्हा तपासणी कुणाची होत होती? ज्याला धाप लागली, जो दवाखान्याच्या दारात पोहोचला, त्याची. सुरुवातीच्या महिन्यांत जळगावचे नमुने आमच्या धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत येत. याच प्रयोगशाळेवर नंदुरबारचाही भार होता आणि मालेगाव पेटल्यावर तिकडचाही. तपासण्या तुटपुंज्या, त्याही अत्यवस्थ रुग्णांच्या. भागाकारात खालचा आकडा लहान ठेवला की उत्तर मोठं येतं, हे चौथीतल्या पोराला कळतं. जिल्ह्याच्या यंत्रणेला कळत नव्हतं असं मी मानायला तयार नाही.

पुरावाही लवकरच आला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं देशभर रक्तातल्या प्रतिपिंडांची पाहणी केली, तिच्यासाठी महाराष्ट्रातून निवडलेल्या सहा जिल्ह्यांत जळगाव होता. ऑगस्ट-सप्टेंबर २०२० च्या दुसऱ्या फेरीत जळगावच्या तपासलेल्या लोकांपैकी सुमारे चौथाई लोकांच्या रक्तात लागण होऊन गेल्याची खूण सापडली. देशाची सरासरी तेव्हा सहा-सात टक्के होती. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांवर आहे. म्हणजे सरकारी यादीत रुग्ण हजारांनी मोजले जात होते आणि प्रत्यक्षात लागण होऊन गेलेली माणसं लाखांत होती. नोंदलेले मृत्यू खऱ्यापेक्षा कमी होते हे मला मान्य आहे, ते चौपट धरा. तरी लागण झालेल्यांतलं मरणाचं प्रमाण एका टक्क्याच्या आत येतं. कुठे बारा आणि कुठे एकाच्या आत! पहिला आकडा गावागावात पोहोचला. दुसरा कुणी पोहोचवला? कोणत्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिला? कोणत्या रिक्षाच्या भोंग्यावरून सांगितला?

याची किंमत माणसांनी मोजली. आमच्या देवपुरातल्या गल्लीच्या तोंडाशी जुलैमध्ये बांबू आडवे बांधले होते. बांबूंच्या आत तीन घरं सोडून आप्पा राहायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, वय ७१. त्यांच्या चष्म्याच्या डबीखाली वर्तमानपत्राचं एक कात्रण घडी घालून ठेवलेलं असायचं. त्याच्या कोऱ्या कडेवर त्यांनी पेन्सिलीनं बारा टक्क्यांचा हिशेब मांडला होता. आपल्या वयाला तो किती होईल याचा अंदाज करून खाली दोन रेघा मारल्या होत्या, पोरांच्या वह्या तपासताना मारायचे तशा. मुलानं औषधाच्या दुकानातून ऑक्सिमीटर आणला होता. त्यावर ८९ दिसत होते. मुलगा हातापाया पडत होता, सून रडत होती. आप्पा एवढंच म्हणाले, "तठे जो गया, तो परत उना नही." चार दिवसांनी ७८ वर आले तेव्हा त्यांना उचलून नेलं. तपासणी, यादीत नाव आणि मृत्यू दीड दिवसात उरकलं.

बघा काय झालं ते. आकड्याला भिऊन माणूस घरी थांबला, घरी थांबला म्हणून उशिरा गेला, उशिरा गेला म्हणून मेला, आणि मेला म्हणून आकडा आणखी वर गेला. आप्पांना गणित येत होतं. त्यांच्या हातात दिलेला आकडा खोटा होता. त्यांना निर्णय घ्यायला दोन आकडे हवे होते: ८९ वर घरी पडून राहिलो तर काय, आणि आज ऑक्सिजन लावला तर काय. त्याच जूनच्या १६ तारखेला ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचा निकाल जाहीर झाला होता. डेक्सामेथासोन नावाचं जुनं, स्वस्त, तालुक्याच्या दुकानातही मिळणारं औषध ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे मृत्यू पाचव्या हिश्शानं आणि व्हेंटिलेटरवरच्यांचे तिसऱ्या हिश्शानं कमी करत होतं. २७ जूनला केंद्राच्या उपचारपद्धतीतही ते आलं. म्हणजे आप्पा कात्रणावर हिशेब मांडत होते तेव्हा दवाखान्यात जाण्याची जोखीम बदलून गेलेली होती. ही बातमी आमच्या बांबूंच्या आत आली नाही. आत आली ती फक्त पोलिसांची शिट्टी.

भीती अगदी बिनबुडाची होती असं मात्र मी म्हणणार नाही. २ जूनपासून जळगावच्या शासकीय रुग्णालयातून ऐंशी ओलांडलेली एक कोरोनाबाधित वृद्धा बेपत्ता होती. १० जूनला तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या शौचालयात सापडला. आठ दिवस त्या शौचालयाचं दार कुणी उघडून पाहिलं नाही. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले, त्याच महिन्यात जिल्हाधिकारी बदलले. या घटनेनंतर खान्देशातल्या कोणत्या म्हाताऱ्या माणसाला सांगायचं की बिनधास्त भरती हो? पण म्हणूनच रुग्णालय सुधारलं की सुधारलं असं आकड्यांनी दाखवून देणं हे दुप्पट गरजेचं होतं. किती भरती झाले, किती बरे होऊन गेले, कोणत्या वयाचे, आल्यावर ऑक्सिजन किती होता. हे रोज दारावर लावायचं होतं. लावलं काय? फक्त नव्या बाधितांचा आणि मृतांचा आकडा.

वय हा तर या रोगाचा गाभा. २०२० संपता संपता अँड्र्यू लेविन आणि सहकाऱ्यांनी अनेक देशांच्या पाहण्या एकत्र करून मांडलं: लागण झाल्यावर मरण्याची शक्यता पंचविशीत दहा हजारांत एक, पंचावन्नाव्या वर्षी हजारात चार, पंचाहत्तराव्या वर्षी शंभरात चार-पाच, पंच्याऐंशीव्या वर्षी शंभरात पंधरा. हे आकडे मुख्यतः श्रीमंत देशांतले आहेत, आपल्याकडे मधुमेह आणि कुपोषण दोन्ही आहे, म्हणून ते इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरी चढ किती उभा आहे ते कळतं. वीस वर्षांच्या पोराची आणि त्याच्या आजीची जोखीम शेकडो पटींनी वेगळी आहे. मग दोघांना एकच आदेश, एकच भीती, एकच दंडाची पावती कशी? एका खोलीत सात माणसं झोपतात त्या घरातल्या आजीला वेगळं कसं ठेवायचं, यासाठी मंगल कार्यालयं, शाळा, वसतिगृहं रिकामी पडलेली होती. बाधितांना विलगीकरणात ओढून नेलं, म्हाताऱ्यांना वाचवण्यासाठी वेगळी जागा देण्याचा विचार झाला नाही.

जोखीम विज्ञान म्हणून एक अभ्यासशाखा जगात गेली कित्येक दशकं काम करते. १९८१ साली स्टॅनली कॅप्लन आणि जॉन गॅरिक या दोघांनी तिचे तीन प्रश्न मांडले. काय बिघडू शकतं? ते बिघडण्याची शक्यता किती? बिघडलंच तर नुकसान किती आणि कुणाचं? पुढे नॉर्वेच्या तेर्ये आवेन यांच्यासारख्या अभ्यासकांनी आणखी एका गोष्टीवर बोट ठेवलं: हे जे तुम्ही सांगताय, ते किती पक्क्या ज्ञानावर उभं आहे? साथीच्या पहिल्या दिवसांत हा चौथा प्रश्नच सगळ्यात महत्त्वाचा असतो. "आम्हाला एवढं माहीत आहे, एवढं माहीत नाही, तरी आज हा निर्णय घेतोय, आणि अमुक दिसलं तर तो बदलू." एवढं एक वाक्य. दोन वर्षांत हे वाक्य मी एकाही अधिकाऱ्याच्या, एकाही मंत्र्याच्या तोंडून ऐकलं नाही.

त्याऐवजी आम्हाला खात्री दिली गेली. महाभारताचं युद्ध अठरा दिवसांत जिंकलं, हे एकवीस दिवसांत जिंकू, असं पंतप्रधानांनी २५ मार्च २०२० रोजी सांगितलं. त्याच आठवड्यात, २८ मार्चला, जागतिक आरोग्य संघटनेनं ठणकावलं की हा रोग हवेतून पसरत नाही. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून हवेतून होणारा प्रसार मान्य करा म्हणून विनवलं. संघटनेला आपल्या पानावर ते नीट मान्य करायला एप्रिल २०२१ उजाडला. दरम्यान आमच्याकडे गावोगाव काय चाललं होतं? अग्निशामक दलाचे बंब डांबरी रस्त्यांवर हायपोक्लोराइट मारत होते. माणसांवर फवारणी करू नका असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं १८ एप्रिल २०२० ला सांगूनही फवारणीचे बोगदे उभे राहत होते. भाज्या सोड्यानं धुतल्या जात होत्या. आणि बँकेत, तहसीलमध्ये, दवाखान्याच्या ओपीडीत खिडक्या बंद करून माणसं दाटीवाटीनं बसवली जात होती. खिडकी उघडायला पैसा लागत नाही. पण प्रसार कसा होतो हे आम्हाला नक्की ठाऊक आहे, असं एकदा जाहीर केल्यावर खिडकी कोण उघडणार?

औषध महानियंत्रकांनी ३ जानेवारी २०२१ रोजी लशी ११० टक्के सुरक्षित असल्याचं सांगितलं. शंभराच्या वर टक्के! देशाचा औषध नियंत्रक ज्या दिवशी असं बोलतो त्या दिवशी तो पुढच्या प्रत्येक अफवेला खतपाणी घालतो. कारण पहिल्या माणसाला ताप आला, दुसऱ्याचा हात सुजला की गाव म्हणतं, हे खोटं बोलले. साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, धडगाव-अक्कलकुव्यात माणसं लस टोचणाऱ्यांना पाहून दारं लावून घेत होती, तेव्हा त्यांना अडाणी ठरवून मोकळे झालेल्यांनी आधी हे वाक्य आठवावं. खरा आकडा लपवण्यासारखा नव्हताच. लसीकरणानंतरच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणाऱ्या राष्ट्रीय समितीनं १७ मे २०२१ ला सांगितलं की कोविशिल्डनंतर रक्ताच्या गुठळ्यांच्या २६ संभाव्य घटना दिसल्या, दर दहा लाख डोसांमागे ०.६१. ब्रिटननं त्याआधी, ७ एप्रिललाच, वयानुसार फायदा आणि धोका शेजारी शेजारी चित्रात मांडून तिशीच्या आतल्यांना दुसरी लस सुचवली होती. आमच्याकडे तो आकडा एका पत्रकात आला आणि विरला. म्हणून २०२४ मध्ये लंडनच्या कोर्टात याच गुठळ्यांवरून चाललेल्या खटल्याची बातमी आली तेव्हा धुळ्यातल्या धडधाकट माणसांनी तीन वर्षांपूर्वीच्या सुईला घाबरून रक्ततपासण्या केल्या. खरं वेळेवर सांगितलं नाही की ते उशिरानं येतं, तेव्हा ते भुतासारखं येतं.

आता मार्च २०२० च्या टाळेबंदीबद्दल. तेव्हा रोग नवा होता, इटलीतली शवं डोळ्यांसमोर होती, माहिती जवळपास शून्य होती. अशा वेळी आधी थांबावं, मग पाहावं, हे जोखीम विज्ञानालाही मान्य आहे. मी त्या निर्णयाला झोडपत नाही. मी झोडपतो ते चार तासांच्या मुदतीला आणि तिसरा प्रश्न गिळून टाकण्याला: नुकसान कुणाचं? घरात बसू शकणाऱ्यांची जोखीम कमी करताना ती कुणाच्या पाठीवर टाकली? आमच्या धुळ्याच्या आग्रा रोडवरून एप्रिल-मे महिन्यांत माणसं चालत गेली. मुंबई, भिवंडी, नाशिकहून निघालेली, डोक्यावर बोचकं, कडेवर पोर, पायांत चप्पल असली तर असली. शिरपूर ओलांडून सेंधव्याच्या बिजासन घाटात पोहोचली तेव्हा मध्य प्रदेशच्या सीमेवर हजारोंचा खोळंबा झाला, १४ मे रोजी तिथे दगडफेकही झाली. त्याआधी आठ दिवसही झाले नव्हते. ८ मेच्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांना मालगाडीनं चिरडलं. ते जालन्याहून निघाले होते, भुसावळला जायला. आमच्या भुसावळला, गाडी मिळेल या आशेवर. त्या सोळांची गणना कोरोनाच्या कोणत्याही रकान्यात नाही. पण तो निर्णय घेताना जोखमीची बेरीज प्रामाणिकपणे मांडली असती, तर गाड्या आधी सोडल्या असत्या आणि कुलूप मग लावलं असतं.

टाळेबंदीनं जो वेळ विकत घेतला त्याचं काय केलं? इथेच माणसांची पारख होते, आणि इथे मला खान्देशातलाच एक माणूस दाखवायचा आहे. डॉ. राजेंद्र भारूड, साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, भिल्ल समाजातले, तेव्हा नंदुरबारचे जिल्हाधिकारी. १९९८ पर्यंत नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होतं. आदिवासी, डोंगराळ, दवाखान्यांच्या बाबतीत कायम शेवटच्या बाकावर. पहिल्या लाटेत तिथे दिवसाला दोनशेच्या आत रुग्ण सापडत होते. लाट ओसरू लागली तेव्हा, सप्टेंबर २०२० मध्ये, भारूड यांनी मिनिटाला ६०० लिटरचा पहिला ऑक्सिजन प्रकल्प उभा केला. दुसऱ्या लाटेच्या तोंडावर आणखी. जिल्हा नियोजनाचा निधी, आपत्तीचा निधी, कंपन्यांचा सामाजिक निधी, मिळेल तिथून पैसा गोळा केला. का? तर अमेरिकेत आणि ब्राझीलमध्ये ओसरलेली लाट पुन्हा उसळली होती, मग ती इथे उसळणार नाही असं कोण सांगणार? त्यांना दुसरी लाट येणार हे ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. त्यांनी एवढाच हिशेब केला: लाट आली नाही तर एक यंत्र थोडं रिकामं राहील, आली आणि यंत्र नसलं तर माणसं गुदमरतील. एका बाजूला पैसा, दुसऱ्या बाजूला जीव, आणि मधे न उलगडणारी शक्यता. असा हिशेब ज्याला मांडता येतो त्याला भविष्यवेत्ता असावं लागत नाही.

त्याच महिन्यांत दिल्लीत काय चाललं होतं तेही बघा. सरकारनं नेमलेल्या समितीनं ऑक्टोबर २०२० मध्ये गणिती प्रारूप मांडून सांगितलं की शिखर ओलांडलं, फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ आटोक्यात येईल. आणि ४ फेब्रुवारी २०२१ ला वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तिसऱ्या पाहणीनं सांगितलं की देशातल्या साधारण एकवीस टक्के लोकांनाच लागण होऊन गेली आहे. म्हणजे पाचातले चार जण अजून उघडे होते! हे दोन्ही कागद सरकारच्याच टेबलावर होते. त्यांनी गोड कागद निवडला. फेब्रुवारीत अमरावती उसळली, एप्रिलमध्ये महाराष्ट्र पेटला. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजन गळाला आणि बावीस माणसं गेली. जळगाव-धुळ्यात लोक रेमडेसिव्हिरच्या चिठ्ठ्या घेऊन मध्यरात्री रांगा लावत होते. जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच ते वापरू नये अशी शिफारस केली होती, पण चिठ्ठी लिहिणारे हात थांबले नाहीत आणि थांबवणाऱ्यांनी थांबवले नाहीत. दागिने मोडून घेतलेल्या त्या कुप्या मी पाहिल्या आहेत. नंदुरबारमध्ये दिवसाला हजारावर रुग्ण सापडू लागले, तिथेही माणसं दगावली, सगळं काही छान झालं असं कुणी म्हणू नये. पण ऑक्सिजन पुरला, आणि शेजारच्या राज्यांतले रुग्णही तिथे येऊन दाखल झाले.

लोकांना आकडे झेपत नाहीत, ते घाबरतील, हा प्रशासनाचा आवडता बचाव. मला हा बचाव अपमान वाटतो. रावेर, यावल, चोपडा इथल्या केळी उत्पादकाला जाऊन विचारा. फळपीक विम्यात तापमानाची पातळी ठरलेली असते, सलग किती दिवस ती ओलांडली की पैसे मिळणार हे ठरलेलं असतं, वाऱ्याचा वेग ठरलेला असतो. त्याला ट्रिगर म्हणतात आणि तो शब्द गावातल्या पारावर सगळ्यांना पाठ आहे. तापमापक केंद्र चुकीच्या जागी बसवलं तर शेतकरी मोर्चा काढतो, कारण त्याला माहीत असतं की सगळा करार त्या मोजणीवर उभा आहे. हा माणूस अनिश्चिततेत जन्मतो आणि तिच्यातच शेती करतो. पाऊस येईल की नाही हे माहीत नसताना बियाणं विकत घेतो. त्याला तुम्ही सांगणार की तुला पॉझिटिव्हिटी रेट कळणार नाही?

कळत होता. जुलै २०२० मध्ये जळगाव, भुसावळ, अमळनेरला ७ ते १३ तारखेपर्यंत पुन्हा टाळेबंदी लागली. आदेशात तारखा होत्या. आठव्या दिवशी काय मोजणार आणि किती आलं तर उघडणार, हे व्यापाऱ्याला, हमालाला, रिक्षावाल्याला कुणी सांगितलं नाही. मार्च २०२१ मध्ये पुन्हा जनता कर्फ्यू, पुन्हा तारखा. शेवटी ४ जून २०२१ च्या रात्री राज्य सरकारनं पाच स्तरांचा आदेश काढला, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. पॉझिटिव्हिटी पाच टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजनचे पंचवीस टक्क्यांहून कमी बेड भरलेले, तर पहिला स्तर, सगळं खुलं. आकडे चढतील तसे स्तर चढणार, पाचव्या स्तराला वीस टक्क्यांच्या वर. ट्रिगर! सव्वा वर्षानंतर का होईना, शहाणपणाचा एक कागद. त्याची सुरुवातही नीट झाली नाही. आदल्या दिवशी मदत व पुनर्वसन मंत्री विजय वडेट्टीवार यांनी पहिल्या स्तरातल्या अठरा जिल्ह्यांची यादी जाहीर करून टाकली होती, तिच्यात धुळे आणि जळगाव होते. काही तासांत सरकारनंच सांगितलं की निर्णय झालेला नाही. तरी ७ जूनपासून आदेश लागू झाला आणि दुकानदार रोजच्या आकड्यांकडे आपल्या गल्ल्याइतकंच लक्ष देऊ लागले.

तो कागद तीन आठवडेही जगला नाही. २१ जूनला आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितलं की साडेसात हजार नमुन्यांत डेल्टा प्लसचे २१ रुग्ण सापडले: रत्नागिरीत नऊ, जळगावात सात. २५ जूनला आदेश निघाला, आकडे काहीही असोत, कोणताही जिल्हा तिसऱ्या स्तराखाली येणार नाही. नवा व्हेरियंट दिसला तर सावध व्हावं, यात माझा वाद नाही. पण मग ट्रिगर बदलला असं सांगा! डेल्टा प्लसचं प्रमाण इतकं झालं तर बंद, इतक्या आठवड्यांत वाढलं नाही तर परत जुना तक्ता, असं लिहा. ते लिहिलं नाही. मोजमाप फेकून दिलं आणि हुकूम शिल्लक राहिला. जळगावच्या नावापुढे पुन्हा एकदा एक आकडा लागला, पुन्हा खालचा आकडा गायब. किती नमुने कुठून घेतले, म्हणून सात सापडले? जिथे शोधलं तिथे सापडलं, की खरोखर तिथेच होता? जळगावच्या माणसाला पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी फोनवर सांगितलं, सध्या येऊ नका. डेल्टा प्लस पुढे फोफावला नाही. त्याच्या नावानं बंद ठेवलेल्या शटरमागचं भाडं मात्र थांबलं नव्हतं.

हे सगळं का होतं याचं उत्तर कायद्यातही आहे. १३ मार्च २०२० ला राज्यानं जो कायदा लावला तो १८९७ चा, मुंबईच्या प्लेगच्या वेळचा. त्याच प्लेगमध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या सोजिरांनी घरात घुसून माणसं बाहेर काढली आणि त्याच प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. तो कायदा सरकारला हवे ते आदेश काढू देतो. आदेश कशाच्या आधारावर काढला, हे सांगण्याची सक्ती त्यात एका ओळीचीही नाही. सव्वाशे वर्षांत आपण हुकुमाची ताकद जपली आणि हिशेब देण्याची सवय लावून घेतली नाही. देशात २०२०-२१ मध्ये किती माणसं गेली यावरही तेच. सरकारी आकडा ४ लाख ८१ हजार, जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सुमारे ४७ लाख. सरकारनं तो अंदाज फेटाळला. ठीक आहे, फेटाळा, पण मग तुमच्या नोंदी पूर्ण कशा आहेत ते गावनिहाय दाखवा. आप्पांसारखे घरी थांबलेले किती जण यादीत नाव न चढताच घरीच गेले, हे शोधायला कुणी आमच्या गल्लीत आलेलं नाही.

पुढची साथ येईल. कधी, कोणती, मला माहीत नाही, आणि आपल्याला माहीत आहे असं जो म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण तयारीचा कायदा आज हातात आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी असतो, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचा अध्यक्ष, आणि जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी तपासून सुधारायचा असतो. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या आराखड्यात साथीचं प्रकरण उघडा आणि त्यात सोप्या मराठीत लिहा: काय मोजणार, कोणत्या आकड्याला काय बंद होणार, कोणत्या आकड्याला काय उघडणार, म्हातारी माणसं कुठे ठेवणार, मजुरांच्या गाड्या किती तास आधी सोडणार. प्रत्येक मृत्युदराखाली तो कशाला भागून काढला ते छापा. जो निर्णय चुकला तो कोणत्या माहितीवर घेतला होता, तेही नंतर लोकांसमोर ठेवा. चुकलेल्या निर्णयासाठी मी कुणाला सुळावर द्या म्हणत नाही. लपवलेल्या निर्णयासाठी मात्र जाब हवा.

आणि वाचकहो, हे वर बसलेले आपणहून करतील याची वाट पाहू नका. आपापल्या जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज द्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि एवढंच विचारा: साथीचा आराखडा शेवटचा कधी सुधारला, त्याची प्रत द्या, त्यातले ट्रिगर कोणत्या पानावर आहेत ते सांगा. तीस दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.